सार्वजनिक कोण? : रस्ता, तळे आणि सणांचे देव

मराठीत 'सार्वजनिक' हा शब्द उच्चारला की पाठोपाठ 'गणेशोत्सव' हा शब्द जवळजवळ आपोआप येतो. सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक बांधकाम खाते, सार्वजनिक नळ हेही शब्द आपल्या भाषेत आहेत. पण ते कचेरीतले, कोरडे शब्द आहेत. लोकांच्या मनात सार्वजनिक म्हणजे मंडप, आरास, वर्गणी आणि मिरवणूक. ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. सरकारी जागेत, रस्त्यावर, शाळेच्या आवारात, तहसील कचेरीच्या ओसरीवर सणाच्या निमित्ताने देव मांडावा की मांडू नये, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उठतो. एक बाजू म्हणते, राज्य धर्मनिरपेक्ष आहे, तेव्हा तेथे देव नको. दुसरी म्हणते, हा धर्म नव्हे, ही आमची संस्कृती आहे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : ती जागा आधीपासून सर्वांची होती आणि वाद फक्त तेथे आलेल्या देवापुरता आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात हे गृहीत टिकत नाही, असे मला दाखवायचे आहे. ज्या काळात देव 'सार्वजनिक' झाला, त्या काळात नगरपालिकेचे पाणीसुद्धा अस्पृश्यांसाठी सार्वजनिक नव्हते. म्हणून आपला प्रश्न देव कोठे बसला येथून सुरू होत नाही. 'सार्वजनिक' या शब्दात कोण बसले होते, येथून तो सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात हा शब्द निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या अर्थांनी वापरला. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्यासाठी झटणाऱ्या गणेश वासुदेव जोशींना लोक पुढे 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. या सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र लागे. कल्पना चांगली होती. प्रतिनिधित्वाची जाण तिच्यात होती. पण मुखत्यारपत्र देणारे ते पन्नास कोण, हा प्रश्न सभेला फारसा पडला नाही. जोतीराव फुल्यांना तो पडला. त्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे जी वस्तू कायद्याने खाजगी होती, ती त्यांनी सार्वजनिक केली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली जे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच्या नावातच हा शब्द आहे : सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक. तेथे सार्वजनिक म्हणजे मानव स्त्रीपुरुष सगळे, जातीचा दाखला न मागता. महार-मांग, शूद्र-अतिशूद्र 'एकमय' झाल्याशिवाय राष्ट्र कसले, हा जोतीरावांचा सवाल होता.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १८९३-९४ पासून, हाच शब्द गणेशोत्सवाला लागला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. तोपर्यंत मोहरमच्या ताबुतांत अनेक जातींचे हिंदू हौसेने सामील होत. ताबूत हा एका अर्थाने रस्त्यावरचा सर्वांचा सण होता. त्या माणसांना तेथून काढून आपल्या मिरवणुकीत आणणे, हा नव्या उत्सवाचा एक उघड हेतू होता. टिळकांना लोकजागृती करायची होती, हे कोणी नाकारत नाही. मेळ्यांनी, व्याख्यानांनी ती झालीही. पण जागृती कोणाची आणि कोणाविरुद्ध, हे विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. घरातल्या देव्हाऱ्यातला देव चौकात आला. देव्हाऱ्याचे नियम मात्र घरीच राहिले नाहीत, तेही त्याच्याबरोबर चौकात आले. पूजा कोणी करायची, मूर्तीला कोणी शिवायचे, हे मंडपात शिरताना बदलले नाही.

याच काळातील एक प्रसंग येथे आठवला पाहिजे, कारण तोही मंडपाचाच आहे. सामाजिक परिषद १८८७ पासून राष्ट्रसभेच्या अधिवेशनाबरोबर भरत असे, आणि राष्ट्रसभेचा मंडप तिला वापरायला मिळे. १८९५ साली पुण्यात अधिवेशन आले तेव्हा सामाजिक परिषदेला तो मंडप देण्यास विरोध झाला. दिलात तर मंडप जाळून टाकू, अशा धमक्या दिल्या गेल्या. शेवटी रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद दुसरीकडे भरवली. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात हा प्रसंग मुद्दाम सांगितला आहे. मी विद्यार्थ्यांना तो शिकवतो तेव्हा शेजारी गणेशोत्सवाची तारीख लिहितो. एकाच शहरात, वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने, चौकात देवासाठी मंडप उभा राहिला आणि विधवा, बालविवाह, जातिभेद यांवर बोलण्यासाठी मंडप मिळाला नाही. तसे पाहिले तर सामाजिक परिषदेचे लोक काही अस्पृश्यांचे कैवारी नव्हते. त्यांची सुधारणा बहुतांशी वरच्या जातींच्या घरापुरती होती. तेवढीसुद्धा मंडपाला सोसली नाही.

उत्सवाच्या अर्थकारणाचा विचार आपल्याकडे फार कमी झाला आहे. वर्गणी सर्वांकडून घ्यायची, कष्ट सर्वांचे घ्यायचे आणि पूजेच्या वेळी मात्र माणसे वेगळी काढायची, ही रीत गणेशोत्सवाने नव्याने काढली नाही. ती गावगाड्यातलीच आहे. माझे आजोबा गावात तराळकी करीत. होळीचा लाकूडफाटा आणायचा त्यांनी, पालखीपुढे हलगी वाजवायची मांगवाड्याने, मेलेले जनावर ओढायचे आमच्या लोकांनी. आणि देवळाची पायरी सुरू झाली की आमचे काम संपले. गावचा सण आमच्या श्रमांवर उभा राही आणि आमच्यावाचून साजरा होई. शहरातल्या मंडपाने या व्यवस्थेला फक्त पावतीपुस्तक दिले.

पण पावतीपुस्तकानेच एक नवा हक्कही जन्माला घातला. ज्याच्या हातात पावती आहे, तो विचारू शकतो. मुंबईत दादरला १९२६ साली नेमके हेच घडले. प्रबोधनकार ठाकरे यांनी 'माझी जीवनगाथा' या आत्मचरित्रात ही हकीकत दिली आहे. उत्सवाला वर्गणी सगळ्यांची, अस्पृश्यांचीही. मग अस्पृश्याला मूर्तीची पूजा का करू देत नाही, असा प्रश्न ब्राह्मणेतर मंडळींनी उभा केला. रावबहादुर सी. के. बोले त्यात होते, बाबासाहेबही होते. वातावरण इतके तापले की, मागणी मान्य झाली नाही तर मूर्तीच फोडू, असा इशारा प्रबोधनकारांनी दिला. अखेर तडजोड झाली. दलित कार्यकर्ते मडकेबुवा यांनी फुले पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुजाऱ्याने ती देवाला वाहायची. या तडजोडीकडे नीट पाहावे. अस्पृश्याचे फूल देवापर्यंत गेले, त्याचा हात गेला नाही. मध्ये ब्राह्मणाचा हात राहिलाच. तरीही तेवढ्याने व्यवस्थापकांचे समाधान संपले. तेथला उत्सव पुढे राहिला नाही, आणि ब्राह्मणेतरांनी त्याच वर्षी नवरात्राचा वेगळा सार्वजनिक उत्सव दादरला सुरू केला. म्हणजे 'सार्वजनिक' शब्दाचा खरा अर्थ कोणी मागितला की उत्सवच मोडतो, हे तेथे दिसले. आणि त्यावर ब्राह्मणेतर चळवळीला सुचलेला उपाय काय, तर दुसऱ्या देवतेचा उत्सव. ही त्या चळवळीची मर्यादा होती असे मला वाटते. पण तो येथला विषय नव्हे.

बाबासाहेब दादरच्या वाटाघाटीत होते, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. बोल्यांनीच ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला होता. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. येथे सार्वजनिक शब्दाला प्रथमच एक कोरडी, मोजता येणारी व्याख्या मिळाली : ज्यात सर्वांचा पैसा आहे ते सर्वांचे. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ च्या जानेवारीत आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी काय झाले हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण त्यातला एक तपशील या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, परत आले. त्यानंतर गावात हाकाटी झाली ती अशी की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. पाण्याला हात लागला आणि ओरड देवळाची झाली. सवर्णांच्या दृष्टीने नगरपालिकेचे तळे आणि देवाचे देऊळ यांत फरकच नव्हता. दोन्ही एकाच पावित्र्याची ठिकाणे होती. म्हणूनच पुढे तळ्याची 'शुद्धी' झाली. १०८ घागरी पाणी काढले, पंचगव्य ओतले, मंत्र म्हटले. नगरपालिकेच्या मालकीच्या जागेवर केलेला धर्मविधी कशाला म्हणतात, याचे याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात मला दुसरे सापडत नाही. त्या विधीला कोणी परवानगी विचारली नाही, आणि नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला जुना ठराव रद्द करून त्या विधीपुढे मान तुकवली. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहाची तयारी झाली तेव्हा परिषदेला हिंदूंपैकी कोणी जागा देईना. मंडप उभा राहिला तो फत्तेखान या मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ती खाजगी जमिनीवर, कारण सार्वजनिक जागा आमच्यासाठी सार्वजनिक नव्हती. त्याआधीच, १२ डिसेंबरला, नऊ सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला होता आणि दोनच दिवसांत मनाईहुकूम मिळवला होता.

हा दावा शिक्षकांनी मुळातून वाचण्याजोगा आहे. वादींचे म्हणणे दुहेरी होते. एक, तळे नगरपालिकेचे नाहीच, ते खाजगी आहे. दोन, अनादी वहिवाटीने ते फक्त स्पृश्यांचे आहे. तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. अडचण फक्त आमची होती. दावा महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे सव्वानऊ वर्षांनी, न्या. ब्रूमफील्ड यांच्या निकालाने तो संपला. तळे नगरपालिकेकडे निहित आहे हे मान्य झाले आणि अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असे ठरले. आपण या निकालाचा विजय साजरा करतो, करावाच. पण एक प्रश्न न्यायालयाने तसाच ठेवला होता. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अन्यायाची, लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द केली असती काय, याचा निर्णय द्यावा लागला नाही, आणि दिला गेला नाही. म्हणजे आम्ही जिंकलो ते पुराव्याच्या अभावावर. माणसाचा हक्क वहिवाटीपेक्षा मोठा आहे हे वाक्य लिहायला संविधानाची वाट पाहावी लागली.

'वहिवाट' हा शब्द लक्षात ठेवावा. आज कचेरीच्या कोपऱ्यातल्या देवळीबद्दल, पोलीस ठाण्याच्या आवारातल्या मारुतीबद्दल, चौकात वर्षानुवर्षे बसणाऱ्या मूर्तीबद्दल कोणी विचारले की पहिले उत्तर येते : पूर्वीपासून आहे. महाडच्या वादींचे उत्तर हेच होते. फरक इतकाच की तळ्याच्या बाबतीत मालकीचा आणि वहिवाटीचा पुरावा न्यायालयाने मागितला. देवाच्या बाबतीत तो सहसा कोणी मागत नाही.

महाडचे प्रकरण न्यायालयात असतानाच नाशिकला रामनवमी आली. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. रामनवमीच्या उत्सवात रामाचा रथ गावातून निघतो. देऊळ कदाचित खाजगी म्हणता येईल, पण रस्ता? त्या वर्षी ९ एप्रिलला रथ ओढण्याबद्दल दोन्ही बाजूंत समेट झाला होता : दोन्हींकडच्या माणसांनी रथाला हात लावायचा. प्रत्यक्षात आमची माणसे रथाशी पोचण्यापूर्वीच सवर्णांनी तो घाईने ओढून पुढे नेला. भास्कर कद्रेकर नावाचा भंडारी तरुण पोलिसांचे कडे फोडून धावला, त्याच्या मागे लोक धावले, दगडांचा वर्षाव झाला, कद्रेकर रक्तबंबाळ झाला. या घटनेत मला जे दिसते ते असे. रथ सार्वजनिक रस्त्यावर होता, त्याच्या भोवती सरकारी पोलीस होते, आणि रस्त्याच्या त्या तेवढ्या तुकड्यावर, रथ तेथे असेपर्यंत, आम्हांला बंदी होती. सणाचे चिन्ह रस्त्यावर येते तेव्हा ते फक्त जागा व्यापत नाही. ते आपले नियम घेऊन येते आणि तेवढ्या वेळेपुरता रस्ता देवळाचा होतो. पाच वर्षांनी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे नाशिकचा तो रस्ताही होता.

हा सगळा इतिहास घटना समितीत जाऊन पोचला. कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांची यादी आहे. ती वाचताना महाड डोळ्यांसमोर येते. कलम २७ म्हणते की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. कलम २८ ने सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांतून धर्मशिक्षण दूर ठेवले. आणि १७ ऑक्टोबर १९४९ रोजी हरि विष्णु कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी, अशी दुरुस्ती मांडली, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. देशातल्या सर्वांत सार्वजनिक कागदावर देवाचे नाव लिहिले गेले नाही. विरोध करणाऱ्यांत अत्यंत श्रद्धाळू माणसेही होती, हे विशेष.

कागदावर हे ठरले. कचेरीत ठरले नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी कार्यालयात सत्यनारायण, नव्या इमारतीला भूमिपूजन, दसऱ्याला फायलींना आणि टंकयंत्राला हळदकुंकू, शाळेत सरस्वतीपूजन, हे सगळे विनापरवाना रूढ झाले. कोणी हरकत घेतली की तिला 'जातीयवादी' म्हणण्याची सोयही झाली. गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन २०१० साली न्यायाधीश आणि राज्यपाल यांच्या उपस्थितीत झाले तेव्हा एका दलित कार्यकर्त्याने त्याविरुद्ध याचिका केली. २०११ साली ती फेटाळली गेली आणि वर त्याला वीस हजार रुपयांचा दंड झाला. पृथ्वीची क्षमा मागणे आणि सर्वांचे भले चिंतणे हे धर्मनिरपेक्षतेच्या विरुद्ध नाही, असा त्या निकालाचा आशय होता. १० डिसेंबर २०२० रोजी नव्या संसद भवनाचे भूमिपूजन झाले तेव्हा तर असा प्रश्न विचारण्याचे धाडसही फारसे कोणी केले नाही. उलट उदाहरणे आहेत, पण थोडी. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याची वेतनवाढ अडवली गेली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तशी सक्ती करता येणार नाही, असे सांगितले.

'धर्म नव्हे, संस्कृती' ही ढाल फक्त आपलीच आहे असे मानू नये. अमेरिकेत पॉटकेट शहराच्या नगरपालिकेने नाताळात येशूजन्माचा देखावा मांडला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला, कारण त्याच्या भोवती सांताक्लॉज, हरणे, नाताळचे झाड असा लौकिक पसारा होता. १९८९ साली पिट्सबर्गच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने न्यायालयाच्या जिन्यावरचा एकटा येशूजन्माचा देखावा अमान्य केला, पण नाताळच्या झाडाशेजारी ठेवलेली ज्यूंची दीपमाळ चालेल असे म्हटले. म्हणजे एक देव एकटा असला तर धर्म, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्यांचे काही ठेवले की संस्कृती. ही युक्ती आपल्याकडेही लोकप्रिय आहे. सरस्वतीच्या तसबिरीला हरकत घेतली की सांगतात, मग शेजारी तुमच्या बुद्धाची ठेवा, बाबासाहेबांचीही ठेवा, आम्ही त्यांनाही हार घालू. आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते यावर खूश होतात. मला हा सौदा धोक्याचा वाटतो. त्यात आपण मूळ हरकत विकतो आणि मोबदल्यात भिंतीवर एक खिळा मिळवतो.

पण खरी अडचण याहून पुढे आहे. कर्नाटकात हुबळीचे ईदगाह मैदान महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. एकेकाळच्या मुंबई इलाख्यातलेच हे गाव. ३० ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या चामराजपेठेतील ईदगाहवर गणेशोत्सवाला आडकाठी घालून 'जैसे थे' ठेवायला सांगितले, आणि त्याच रात्री कर्नाटक उच्च न्यायालयाने हुबळीच्या मैदानावर मात्र तो होऊ दिला. कारण तेथे मालकी नगरपालिकेची होती. येथे कोणी आपल्याला विचारील : महाडला तुमचेही म्हणणे हेच होते ना, की जागा नगरपालिकेची आहे, तेव्हा सर्वांना खुली? मग गणपतीला का नाही?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. माझे उत्तर असे आहे. महाडला तळ्यावर माणसे गेली होती. त्यांनी ओंजळभर पाणी घेतले आणि ती परतली. तळ्याच्या काठी त्यांनी काही मांडले नाही, दुसऱ्या कोणाला पाणी पिण्यापासून अडवले नाही. मूर्ती मांडली की जागेचा उपयोग बदलतो, तिला पुजारी लागतो, पावित्र्याची सीमा लागते, आणि ती सीमा कोणीतरी राखतो. माणसाच्या प्रवेशाचा हक्क आणि देवाच्या वास्तव्याचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला हक्क संविधानाने दिला आहे. दुसरा संविधानात कोठेही नाही. त्यातही ज्या मैदानावर दुसऱ्या समाजाची नमाजाची वहिवाट आहे, नेमके तेच मैदान निवडून तेथे देव नेणे, यात नागरिकाचा हक्क कमी आणि १८९३ चा जुना हेतू अधिक दिसतो.

हीच कसोटी मग आपल्या चिन्हांनाही लावावी लागेल. आपले पुतळे, पंचशील ध्वज, कमानी, १४ एप्रिलचे मंडप हेही सार्वजनिक जागेवरच आहेत. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे आपण उदबत्ती लावतो, मेणबत्ती लावतो. ती पूजा नव्हे असे म्हणताना आपला स्वर थोडा चाचरतो. तरी दोन्हींचा इतिहास एका मापाने मोजता येत नाही. एका विद्यापीठाच्या फाटकावर एका माणसाचे नाव लिहायला २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत साडेपंधरा वर्षे गेली, घरे जळाली, माणसे मेली. आणि ते नाव देवाचे नव्हते, संविधानाच्या शिल्पकाराचे होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवर लोक रस्त्यावर आले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. वस्तीतला पुतळा हा अनेक ठिकाणी त्या वस्तीच्या वाट्याला आलेली एकमेव सार्वजनिक वस्तू असतो. रस्ता, गटार, दिवा त्याच्यानंतर येतात. हे सगळे खरे आहे. आणि हेही खरे आहे की सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रस्त्यावर, पदपथावर नवे पुतळे उभारण्यास मनाई केली, ती आपल्याही पुतळ्यांना लागू आहे. बुद्धमूर्ती कोणी बागेत रातोरात बसवली आणि मग 'हटवून दाखवा' म्हणाले, तर ती भाषा दादरच्या मंडपवाल्यांची आहे, बोल्यांच्या ठरावाची नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेताना आपण गौरी-गणपती सोडले. गणपती मांडण्याची रीत तेवढी ठेवून घेतली, असे होऊ नये.

प्रत्यक्षात काय करता येईल? नोकरीत असलेल्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न वर्गणीच्या यादीच्या रूपाने भेटतो. यादीवर 'ऐच्छिक' लिहिलेले असते आणि ती साहेबाच्या शिपायाच्या हातून फिरते. महाविद्यालयात शिकवणाऱ्या पहिल्या पिढीतल्या माणसाला, ज्याच्या कायम होण्याची फाईल त्याच टेबलावर पडून आहे, नाही म्हणणे किती ऐच्छिक असते हे बाहेरून कळत नाही. म्हणून हे एकेकट्याच्या धैर्यावर सोडू नये. जागेची मालकी, पैशाचा उगम आणि परवानगीचा कागद या तीन गोष्टी संघटनेने लेखी मागाव्यात. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, बागा आणि जागांवर देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये असे सांगितले, आणि जुन्यांचा एकेक करून निर्णय घेण्याचे काम राज्यांवर सोपवले. त्यासाठी अशा बांधकामांच्या याद्या तयार झाल्या. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने त्या कोणालाही मागता येतात. माझ्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी यंदा हाच स्वाध्याय दिला आहे : आपल्या तालुक्याची यादी मिळवायची, त्यात तहसील कचेरी, पंचायत समिती, पोलीस ठाणे, एस.टी. स्थानक यांची नावे आहेत की नाहीत ते पाहायचे. आणि त्याच नगरपालिकेच्या जुन्या दप्तरातून १९२३ च्या ठरावानंतर पाणवठ्यांबद्दल काय ठराव झाले, तेही उतरवून आणायचे. आतापर्यंत दोघांचे अर्ज गेले आहेत. एकाला उत्तर आले आहे की दप्तर शोधण्याचे काम चालू आहे.